घरबसल्यांचं बटण

दातवाला सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचा की आपल्या कार्यक्रमात काहीही चुकू शकत नाही. कारण साधं होतं. चुकायला आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं, आणि यांच्या कार्यक्रमात काहीच ठरलेलं नसायचं. समोरच्या लोकांनी एखादा विषय द्यायचा आणि तिघांनी त्यावर तिथल्या तिथे विनोदी प्रसंग उभा करायचा. 'हरवलेली किल्ली' म्हणा, 'सासूबाईंचा चष्मा' म्हणा, काहीही चालायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि अकरा वर्षांत एकदाही कोणी वाक्य विसरलं नव्हतं, कारण विसरायला वाक्यच नव्हतं.

दातवाला म्हणजे काही दातांचा डॉक्टर नव्हे. तो डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा. सोमवार ते शनिवार एका लांबट खोलीत, मेण आणि प्लास्टरच्या पसाऱ्यात, वीस-पंचवीस जबड्यांसमोर तो बसलेला असायचा. सगळी तोंडं उघडी, पण हसणारं एकही नाही. "म्हणूनच यांना रविवारी हसणारी माणसं लागतात," असं त्याची बायको शेजारणींना सांगायची, आणि ते खरंच होतं.

बाकीचे दोघे म्हणजे ग्रंथपाल बाई आणि वायरमन. ज्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचा, त्याच वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. प्रेक्षकांकडून विषय घेणं आणि मोठ्यांदा वाचून दाखवणं हे काम त्यांच्याकडे होतं. जे लिहिलंय तेच वाचायचं, स्वल्पविरामासकट, हा त्यांचा बाणा. वायरमन दिवसभर लोकांच्या घरच्या तारा ओढायचा आणि रविवारी नट असायचा. माइक, कॅमेरा, लॅपटॉप ही सगळी जोडणी त्याचीच. गेल्या वर्षापासून कार्यक्रम घरी बसूनही बघता यायला लागला होता, आणि त्यासाठी त्याने भिंतीकडेच्या टेबलावर आवाजाचा एक डबा बसवला होता. त्यावर दोन बटणं होती. एकाखाली चिकटपट्टीवर लिहिलं होतं 'हॉल', दुसऱ्याखाली 'घरबसले'.

तिघांचा नियम एकच होता: मिळालेलं नाकारायचं नाही. समोरून काहीही आलं तरी 'नको' म्हणायचं नाही, 'असं कसं' विचारायचं नाही, ते उचलायचं आणि पुढे न्यायचं. संसारात हा नियम कोणालाच जमत नाही, रविवारी दीड तास मात्र या तिघांना बरोबर जमायचा.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यामुळे, खरं म्हणजे तिला जपण्यामुळे झाला.

ताई म्हणजे दातवाल्याची थोरली बहीण, एका शाळेची मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी हॉलमधून कोणीतरी 'कडी' असा विषय दिला आणि दातवाल्याच्या तोंडून ताईची गोष्ट निसटली. ताई एकदा स्वतःच्याच बाथरूममध्ये अडकली होती. आतली कडी तुटून हातात आली, भावोजी परगावी. तिने आतूनच फोन करून आगीच्या बंबवाल्यांना बोलावलं. शेजाऱ्यांकडच्या किल्लीने ते घरात शिरले, तेव्हा दाराआडून तिचं पहिलं वाक्य आलं, "आधी बूट बाहेर काढा." सहाच्या सहा बंबवाल्यांनी मुकाट्याने बूट काढले. त्या अनवाणी बंबवाल्यांची दातवाल्याने अशी काही नक्कल केली की हॉलमधल्या एका आजोबांची कवळी निसटली, आणि तीही त्यानेच केलेली होती. कोणीतरी हे सगळं फोनवर टिपलं, ते फिरत फिरत ताईच्या शाळेत पोचलं, आणि सोमवारी तिच्या केबिनबाहेर नऊ शिक्षकांचे बूट ओळीने लावलेले होते.

तेव्हापासून ताई त्याच्याशी बोलत नव्हती. निरोप यायचे ते भावोजींमार्फत, तेही मोजून मापून. दातवाला वरवर हसायचा, "शांतता आहे हो," असं म्हणायचा, पण त्याला ते फार लागलं होतं. आई गेल्यावर त्याला रागावणारं हक्काचं माणूस एकच उरलं होतं. तेही गप्प झाल्यावर त्याला पोरकं वाटायचं, पन्नाशी उलटली तरी.

आणि गुरुवारी भावोजींचा फोन आला.

"रविवारी तुमचा कार्यक्रम बघणार म्हणतेय."

"कोण? ताई?"

"मग काय शेजारीण? मी लॅपटॉप लावून देणार आहे. पण अट आहे तिची. तिच्याबद्दल एक शब्द नाही. एक शब्द जरी निघाला तरी कायमचं संपलं, असं म्हणालीये."

"भावोजी, शब्द काय, तिच्याकडे जाईल असा उसासासुद्धा टाकत नाही."

"बघ बाबा. मला तिच्या शेजारी बसायचंय."

रविवारी चारला पाच कमी असताना हॉलमध्ये बेचाळीस माणसं येऊन बसली होती आणि घरबसले एकसष्ट होते. दातवाला कॉलरला माइक लावून टेबलापाशी उभा होता. बायको पहिल्या रांगेतून उठून त्याच्याजवळ आली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे तीन खोल्यांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आल्या का हो ताई बघायला? की अजून रुसल्याच आहेत?"

कॉलरला माइक, समोर 'घरबसले'चा हिरवा दिवा ढळढळीत चालू. दातवाल्याने झडप घालून बटण दाबलं. दिवा विझला.

"हळू बोल. तिचं नाव काढू नकोस."

"मी फक्त विचारलं."

"एक शब्द म्हणजे एक शब्द. अट आहे तिची."

"बरं बाई," असं स्वतःलाच म्हणत बायको जागेवर गेली. तेवढ्यात वायरमनने हाक मारली, "दातवाले, चला, चार वाजले," आणि दातवाला गेला. बटण तसंच राहिलं. बटणाला आपणहून चालू व्हायची अक्कल नसते आणि दातवाल्याला त्या क्षणी ताईशिवाय काही सुचत नव्हतं.

ग्रंथपाल बाईंनी सुरुवातीलाच सूचना दिली. "घरून बघणाऱ्यांनी फक्त विषय लिहून पाठवायचा. नमस्कार, वा वा, फुलांची चित्रं, यातलं काहीही पाठवायचं नाही. जे येईल तो विषय समजला जाईल." घरबसल्यांसाठी म्हणून त्यांनी ही सूचना कॅमेऱ्याकडे बघत दोनदा सांगितली. घरबसल्यांना त्यांचे ओठ दोनदा हललेले दिसले.

पहिला विषय हॉलमधून घेतला, 'लिफ्ट बंद'. तो झकास झाला. मग घरबसल्यांची पाळी. ग्रंथपाल बाईंनी लॅपटॉपवर पाहिलं आणि चष्मा सारखा करून वाचलं, "आवाज येत नाही."

"छान विषय आहे," वायरमन म्हणाला.

प्रसंग लगेच उभा राहिला. दातवाल्याने नवीन घंटा बसवून घेतलेला घरमालक केला, वायरमनने स्वतःलाच केलं. घंटा दाबायची, आवाज येत नाही, वायरमन म्हणणार येतोय, तुम्हालाच ऐकू येत नाही, कानाच्या डॉक्टरकडे जा. डॉक्टर ग्रंथपाल बाई. त्यांना रोग्याचं ऐकू येत नाही. हॉल पोट धरून हसला.

"पुढचा विषय," बाई म्हणाल्या, "अजूनही आवाज येत नाही."

"म्हणजे आवडलं त्यांना," दातवाला म्हणाला. "पुढचा भाग मागतायत."

पुढचा भाग झाला. घंटेच्या जागी भोंगा आला, भोंग्याच्या जागी बँडवाले आले. त्यानंतर बाईंनी वाचलं, "अहो, खरंच येत नाही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "इथे 'खरंच'वर जोर दिसतो." तर तिघांनी तोच प्रसंग गंभीर नाटकासारखा करून दाखवला, छाती पिटत. पुढचा विषय आला, "कोणी वाचतंय का?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "हा प्रश्न मला खाली रोज पडतो," आणि वाचनालयात बावीस वर्षांनी पहिला वाचक येतो असा प्रसंग त्यांनी एकटीने केला. टाळ्या थांबेनात.

दातवाला घामाने निथळला होता आणि अतिशय खूश होता. प्रत्येक प्रसंगानंतर तो कॅमेऱ्याकडे चोरून बघायचा. तिकडे ताई बसली आहे, तिला हे ऐकू जातंय, आणि आपण तिच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मनातल्या मनात त्याने ताईला दोन वेळा हसवलंसुद्धा.

"शेवटून दुसरा विषय," बाई म्हणाल्या. "काहीच ऐकू येत नाही. मागच्या सगळ्यांसारखाच आहे, पण नियम म्हणजे नियम."

या वेळी पाळी एकट्या दातवाल्याची होती. फोनवरचं बोलणं करू, असं त्याने ठरवलं. पलीकडून काहीच ऐकू येत नाही, असा माणूस. हातात काहीतरी खरं धरलं की त्याला सुचायचं, म्हणून त्याने पायातला बूट काढला आणि कानाला लावला. हॉल तिथेच हसला.

"हॅलो? ऐकू येतंय का? मला तुझं काही ऐकू येत नाहीये." लोक हसत होते. "हॅलो, मीच बोलतोय. तुझा भाऊ." दोन-चार वाक्यं अशीच गंमतीची गेली. आणि मग पलीकडच्या त्या बुटातल्या शांततेत काय झालं कोण जाणे, त्याला दोन वर्षांची सगळी शांतता एकदम आठवली. अट आठवली, तरी तोंड थांबेना.

"ताई," तो म्हणाला, "ती गोष्ट मी सांगितली तेव्हा लोक हसले आणि मला फार बरं वाटलं. पण त्यातला एक भाग मी कधीच कोणाला सांगितला नाही. बंबवाल्यांच्या आधी तू मला फोन केला होतास. मी इथेच होतो, सरावाला. फोन वाजताना मी बघितला. म्हटलं, ताई आहे, म्हणजे अर्धा तास गेला, आणि फोन उलटा ठेवला. तू आत घाबरून बसली होतीस आणि मी इथे खुर्चीवर बसून हसत होतो. त्या गोष्टीत हसण्यासारखं कोणी असेल तर तो मी आहे. चुकलं माझं. तू मला रागाव, पण बोल."

हॉलमधलं हसू केव्हाच थांबलं होतं. बूट कानालाच होता आणि गाल ओले होते. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उभा राहिला. ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढून पुसला. दातवाल्याला वाटलं, अकरा वर्षांत असं काही झालं नव्हतं, आणि ताईने ते ऐकलं.

त्याच वेळी पहिल्या रांगेत बायकोची पर्स मांडीवर थरथरत होती. तिने फोन काढून पाहिलं तर भावोजींचे सात फोन येऊन गेलेले आणि खाली निरोप: 'वहिनी, आवाज बंद आहे. पहिल्यापासून. सगळे ओरडून थकले.' ती उठली आणि थेट रंगमंचाकडे निघाली.

"अहो," ती म्हणाली, "आवाज येत नाहीये."

हॉल हसून लोटपोट झाला. एवढ्या हळव्या प्रसंगानंतर असं वाक्य कुणाला सुचलं नसतं. वायरमनने तर तिला हात देऊन वर घेतलं. मिळालेलं नाकारायचं नाही. "या वहिनी, या. घंटा आम्हीच बसवली होती तुमच्याकडे."

"घंटा नाही हो. तिकडे लोकांना ऐकू जात नाहीये."

"लोकांनाही नाही? मग हा साथीचा रोग दिसतो. डॉक्टर!"

"कोणाला काय होतंय?" ग्रंथपाल बाई लगेच डॉक्टर झाल्या.

"मी खरं सांगतेय," बायको म्हणाली, आणि तिला त्या दिवसातली सगळ्यात मोठी टाळी पडली.

तिने वीस वर्षं दातवाल्याबरोबर संसार केला होता. माणसं ऐकत नाहीत म्हटल्यावर बोलत बसायचं नाही, हे ती केव्हाच शिकली होती. ती रंगमंचावरून उतरली, टेबलाकडे गेली, विझलेला दिवा पाहिला, आणि 'घरबसले'चं बटण दाबलं.

अर्ध्या मिनिटाने ग्रंथपाल बाईंनी सवयीने लॅपटॉप वाचला. "शेवटचा विषय: आला." मग खाली बघत गेल्या. "आला. आला एकदाचा. आला आवाज. इकडे पण आला."

त्यांचा स्वतःचा आवाज शेवटच्या 'आला'ला बारीक झाला. वायरमनने आधी डब्याकडे पाहिलं, मग दातवाल्याकडे. हॉलला सगळं कळायला तेवढाच वेळ लागला, आणि मग जे हसू आलं ते कोणीही सुचवलेलं नव्हतं. त्या गोंधळात साडेपाच वाजून गेले होते. बाईंनी नेहमीप्रमाणे शेवटची सूचना दिली, "खुर्च्या जागेवर ठेवून जा." घरी बसलेल्या एकसष्ट माणसांना दीड तासाच्या कार्यक्रमातलं, स्वतःच पाठवलेल्या 'आला'शिवाय, तेवढं एक वाक्य नीट ऐकू आलं.

दातवाला एका पायात बूट घालून खाली वाचनालयात गेला आणि दोन कपाटांच्या मध्ये उभा राहिला. त्याला धड रडूही येत नव्हतं. एवढं बोललो आणि कोणाशी, तर बुटाशी. फोन वाजला. पडद्यावर 'ताई'. भावोजी नव्हे, ताई. त्याने तो इतक्या घाईने उचलला की पुस्तकांची एक चळत खाली आली.

"ताई?"

"बूट कशाला काढलास?"

दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे होतं. दातवाल्याला कळायला क्षणभर वेळ लागला. मग लख्ख दिसलं. तिकडे आवाज नव्हता, चित्र होतं. आणि चित्रात भाऊ हातात बूट घेऊन उभा, समोर लोक खदखदून हसतायत.

"ताई, तो फोन होता."

"बुटाचा?"

"बूट म्हणजे फोन. तुझ्या बुटांवर नव्हतं ते. म्हणजे त्यांच्या. बंबवाल्यांच्या."

"लोक हसत होते."

"आधी हसले. मग गप्प झाले. शेवटी उभे राहिले."

"ते दिसलं. तू रडतोयस असंही दिसलं. तेव्हापासून हे म्हणतायत, फोन कर, फोन कर. काय चाललं होतं तिथे?"

"मी माफी मागत होतो."

"कोणाची?"

"तुझी."

"कोणासमोर?"

दातवाला पडलेली पुस्तकं उचलायला वाकला. मग म्हणाला, "हॉलमध्ये बेचाळीस जण होते."

"म्हणजे परत माझ्याबद्दल बोललास."

"हो, पण चांगलं बोललो."

"मी एकच अट घातली होती."

"हो."

"एकच."

"ताई, मी बटणसुद्धा तुझ्यासाठीच बंद केलं होतं," दातवाला म्हणाला, आणि आपण कशाची कबुली दिली हे त्याच्या लक्षात आलं. पलीकडे ताईने दीर्घ श्वास घेतला. शाळेत त्या श्वासानंतर पालकांना बोलावणं जायचं.

"काय काय सांगितलंस त्यांना?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. तू आधी मला फोन केला होतास, मी पाहिला, उलटा ठेवला. सांगताना त्याचा आवाज हॉलमधल्यासारखा लागला नाही. अडखळला, दोनदा मागे गेला, नाक ओढलं.

ताईने लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"हे सांगितलंस? फोन उलटा ठेवलास ते?"

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"आणि ते आम्हाला कोणालाच ऐकू आलं नाही."

"नाही."

"मग पुढच्या रविवारी परत सांग. आमच्या शाळेतले सगळे बघतील. मी नोटीस काढते."

"ताई, आमच्यात एकदा झालेलं परत करत नाहीत. ते तेव्हाचं तेव्हाच असतं."

"केबिनबाहेर बूट लावायचं ते शाळेत दोन वर्षं रोज झालं. तेव्हा नाही तुझा नियम आडवा आला. लिहून काढ. पाठ कर. आणि आधी मला वाचून दाखव."

तर त्या आठवड्यात दातवाला प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसून आयुष्यातली पहिली संहिता लिहीत होता. ताईचा फोन रोज यायचा. सोमवारी तिने 'चुकलं माझं' खाली रेघ मारायला सांगितली. मंगळवारी 'अर्धा तास गेला' हे वाक्य तिला उद्धट वाटलं, पण खरं आहे म्हणून राहू दिलं. बुधवारी त्याने पहिल्यापासून वाचून दाखवलं, "ताई, बंबवाल्यांच्या आधी तू मला फोन केला होतास."

"थांब. तिथे 'तीनदा' घाल."

"तीनदा?" दातवाला म्हणाला. "मी तर एकदाच पाहिला."

"उलटा ठेवल्यावर कसा दिसेल? तीनदा. घाल."

दातवाल्याने 'तीनदा' घातलं.